दीडशे जणांच्या व्हॉइस चॅटसाठी सर्व्हर घरी ठेवायचाय, मशीन किती तगडं लागेल?

ताकभात | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

आमचा अभिवाचनाचा गट आहे. दर शनिवारी रात्री साडेआठला एक-दोघं वाचतात, बाकीचे ऐकतात, नंतर अर्धा तास गप्पा. सांगलीत सुरू झाला, आता पुणे, बंगळुरू, दुबई, न्यू जर्सी असा पसरलाय. एरवी साठ-सत्तर जण असतात, गणपतीत आकडा दीडशेच्या घरात जातो. आजवर फुकटच्या व्हिडिओ मीटिंगवर भागवलं. पण चाळीस मिनिटं झाली की दार बंद, आणि वाचणारा नेमका कथेच्या ऐन मोक्यावर असतो. आम्हाला एकमेकांची तोंडं बघायची नसतात, आवाज स्वच्छ हवा. म्हणून मम्बल (फक्त आवाजाच्या गप्पांचं सॉफ्टवेअर, सर्व्हर आपला आपण ठेवायचा) बसवावं असं ठरलंय.

घरात एक जुना डबा आहे. कोअर टू ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम, एका ऑफिसच्या भंगारातून दोन हजाराला उचललेला. भाचा म्हणतो, "मावशी, दीडशे माणसं म्हणजे कमीत कमी आठ कोअर आणि ३२ जीबी रॅम." त्याने कोटेशनही आणलं, ५२ हजारांचं. गटाच्या वर्गणीत २५ हजार आहेत. नेट फायबरचं, शंभर एमबीपीएस.

जुन्या डब्यावर भागेल का? जाणकारांनी सांगावं.

सव्वादोन | रात्री ११:०४

कोटेशनमध्ये ग्राफिक कार्ड आहे का बघा.

ताकभात | रात्री ११:०९

आहे. :(

सव्वादोन | रात्री ११:१०

भाचा अभ्यासू आहे.

पोर्टबंदर | रात्री ११:४०

ताकभात साहेब, मशीनचा विचार जरा बाजूला ठेवा. मम्बलचा सर्व्हर आवाज मिसळत नाही, दाबत नाही, ऐकतसुद्धा नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाचं पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, येतं, त्याचं कुलूप (एन्क्रिप्शन) काढायचं, ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या किल्लीने नवं कुलूप लावायचं आणि पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. सकाळी पेपर टाकणारा पोरगा जसा पेपर छापत नाही तसंच. ऑपसचं (आवाज लहान करून पाठवायची पद्धत, म्हणजे कोडेक) डीकोड-एनकोड, चार जणांचे आवाज एकत्र करणं, हे सगळं प्रत्येकाच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर होतं. त्यामुळे रॅम लागतच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्याकडे चाळीस जणांचा सर्व्हर शंभर एमबीच्या आत पडलेला असतो.

खरा हिशोब अपलोडचा. ऑपस ४० केबीपीएसवर ठेवलं आणि दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट धरलं, तर सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येकात १०० बाइट आवाज, त्यावर पत्त्याच्या वेष्टनाचे, म्हणजे आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि मम्बलचे स्वतःचे सात-आठ. झाले १३६. म्हणजे एका ऐकणाऱ्यामागे ५४ केबीपीएस. एक जण वाचतोय आणि १४९ ऐकतायत, तर सर्व्हरमधून ८.१ एमबीपीएस बाहेर जाणार. दोघं बोलले की १६, तिघं बोलले की २४.

तेव्हा माणसं किती, हे विचारू नका. एका वेळी तोंडं किती उघडी, ते सांगा. आणि तुमचं शंभर एमबीपीएस दोन्ही बाजूंना आहे की नुसतं खाली येणारं?

ताकभात | रविवार, सकाळी ७:१५

साहेब नाही हो, बाई आहे. वर "मावशी" लिहिलंय. :)

अपलोड आत्ता मोजलं, तीनदा. ३८, ४१, ३६.

पोर्टबंदर | सकाळी ७:३०

माफी असावी ताई, आकडे दिसले की मला बाकी काही दिसत नाही.

३६ धरून चला. दीडशे जण असताना चार तोंडं उघडी चालतील, पाचवं उघडलं की सगळ्यांचाच आवाज तुटायला लागेल. साठ जणांच्या शनिवारी दहाजण एकदम बोलले तरी काठावर निभेल.

भिडू_नं_७ | सकाळी ९:०२

आम्ही गेमवाले, म्हणून दोन पैसे माझे. मम्बल मुळात गेम खेळणाऱ्यांसाठीच २००५ च्या सुमारास आलं. ईव्ह ऑनलाईन या अंतराळयुद्धाच्या गेममधल्या मोठ्या युतींचे लोक यावर शेकड्यांनी बसतात. तिथे युक्ती एकच, हुकूम देणारे दोघं-तिघं आणि बाकी सगळ्यांचं तोंड सर्व्हरनेच बांधलेलं. तुमचा वाचक म्हणजे आमचा फ्लीट कमांडर समजा.

टीमस्पीकचा (मम्बलसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) विचार करत असाल तर विनापरवाना ३२ जणांपुरतंच चालतं. तुमच्या कामाचं नाही.

कारभारी_कोल्हापूर | सकाळी ९:४५

मशीन बाजूला ठेवा म्हणून कसं चालंल भावा? तू स्वतःच म्हणतोस प्रत्येक पॅकेटला प्रत्येकासाठी वेगळं कुलूप. ते कुलूप म्हणजे एईएस-१२८ नावाचं एन्क्रिप्शन. ई७५०० मध्ये एईएस-एनआय (हे काम प्रोसेसरमध्येच झटपट करायची सोय) नाही, इंटेलनं ते २०१० पासून आणलं. त्यातही पहिल्या सॅंडी ब्रिजच्या आय३ मध्ये दिलं नव्हतं, आय५ मध्ये होतं. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्या म्हणून कोणतरी आत्ता येईलच, त्यालाही आधीच सांगतो, पाय ४ मध्येसुद्धा एईएसचं हार्डवेअर नाही, पाय ५ मध्ये आहे. सगळं कुलूपकाम प्रोसेसरला हातानं करावं लागतं.

पोर्टबंदर | सकाळी १०:२०

मुद्दा बरोबर, पण वजन करून बघू. एक वाचक, १४९ ऐकणारे, गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला ७,४५० पॅकेट. एका पॅकेटचं कुलूप आणि कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) दिलेली हाक मिळून नऊ-दहा हजार सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, धरा, हाताने केलं तरी. झाल्या सात कोटी. ई७५०० चा एक कोअर सेकंदाला २९३ कोटी सायकल मारतो. अडीच टक्के. तिघं बोलले तर सात-आठ टक्के. म्हातारा बसल्या जागी करेल.

एक मात्र खरं, आवाजाचं काम मुख्यतः एकाच धाग्यावर चालतं (हा धागा नव्हे, प्रोसेसरचा). म्हणजे भाच्याच्या आठ कोअरपैकी सात जण हाताची घडी घालून बसतील.

सव्वादोन | सकाळी १०:३१

आमच्या ऑफिससारखं.

बरं, गणपतीत दीडशे म्हणालात. आरतीला सगळे एकदम सुरू झाले तर? "सुखकर्ता" ला कुणी म्यूट राहतं का?

पोर्टबंदर | सकाळी १०:५५

हसता हसता नेमकी दुखरी नस पकडलीत.

१५० जण बोलतायत, प्रत्येकाला १४९ जण ऐकतायत. २२,३५० प्रवाह. गुणिले ५४ केबीपीएस, म्हणजे १.२ जीबीपीएस अपलोड. पॅकेट सेकंदाला ११ लाखांच्या वर. वरच्याच दराने ई७५०० ला साडेतीन कोअर लागतील, आहेत दोन, आणि त्यातला कामाचा एक. गिगाबिट कार्डसुद्धा पुरणार नाही. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर ८ एमबीपीएस येणार आणि १४९ आवाज एकाच वेळी उलगडावे लागणार. फोनवर पोळी भाजता येईल.

म्हणजे ताई, तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. वाचनाला दोन हजारांचा डबा भरपूर. आरतीला ५२ हजारांचाही अपुरा.

अडाणी_आशावादी | सकाळी ११:१०

+१. वाचनखूण साठवली. (काही कळलं नाही, पण पोळीचं कळलं.)

खुंटी | दुपारी १२:४०

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे हे पॅकेट वाटप बघून हात शिवशिवतात. दीडशे तारा दीडशे ठिकाणी कशाला ओढायच्या? आवाज मध्येच एकत्र करा की! कॉन्फरन्स ब्रिज तसाच चालतो. अ‍ॅस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फब्रिज आहे, फुकट आहे. सर्व्हर सगळ्यांचे आवाज उलगडतो, बेरीज करतो आणि प्रत्येकाला एकच तयार मिश्रण पाठवतो. बोलणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज वजा करून, नाहीतर आपलंच बोलणं आपल्याला उशिरा ऐकू येतं आणि माणूस तोतरा होतो. जी.७११ कोडेक घेतला तर ६४ चे वरखर्चासकट ८० केबीपीएस होतात. दीडशे जणांना १२ एमबीपीएस. एक बोलो की दीडशे बोलोत, १२ म्हणजे १२.

इथे प्रोसेसरला खरं काम पडतं. भाचा अगदीच चुकलेला नाही.

पोर्टबंदर | दुपारी १:०५

खुंटीकाका, मिश्रणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्या आधीच्या प्रतिसादात तो यायला हवा होता. पण जी.७११ म्हणजे फोनचा आवाज, ३०० ते ३४०० हर्ट्झ. 'स' आणि 'श' तिथे एकाच माळेचे मणी. अभिवाचनाला ते कसं चालेल?

खुंटी | दुपारी १:३०

नाही चालणार. पण याच आवाजात तीन पिढ्यांनी लग्नं ठरवली आणि निधनाच्या बातम्या ऐकल्या, हे लक्षात असू द्या. :) ऑपसवरही ब्रिज चालतो, मग दीडशे एनकोडिंगचा भार येतो आणि तुमचा म्हातारा धापा टाकतो.

वाळवण | दुपारी ४:२०

मी ताकभातच्याच गटातली, न्यू जर्सीहून. आरतीबद्दल अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही व्हिडिओवर अथर्वशीर्ष एकत्र म्हणायचा घाट घातला होता. "ॐ नमस्ते" पर्यंत ठीक गेलं. पुढे मी "त्वमेव केवलं कर्तासि" म्हणतेय तर सांगलीकर अजून "प्रत्यक्षं तत्त्वमसि" वर. मी थांबले, ते पुढे गेले, मी धरायला गेले, तोवर ते माझ्यासाठी थांबले. शेवटी सगळेच एकमेकांची वाट बघत गप्प. मग कुणीतरी खाकरलं आणि तिघांनी एकदम वेगवेगळ्या ओळीवरून सुरू केलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाला पावलं असेल, हसून हसून."

याचं कारण मशीन असतं का? की मोठं मशीन घेऊनही असंच होणार?

पोर्टबंदर | दुपारी ५:००

असंच होणार. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार नाकासमोर टाकली असती तरी ६२ मिलिसेकंद लागले असते. केबल वळसे घेत जाते, मध्ये राऊटर, शिवाय पॅकेट भरायला २० आणि पलीकडे आवाज तुटू नये म्हणून थोडा साठा. एका बाजूचा उशीर १५० च्या आसपास पोचतो. बोलण्याला तो चालतो, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीत १५० च्या आत असलं की संभाषण सुखाचं असंच म्हटलंय. पण एका तालात गायला-वाजवायला २५-३० मिलिसेकंदच परवडतात. हवेत आवाज तेवढ्या वेळात दहा मीटर जातो. देवळाच्या सभामंडपाच्या एका टोकाची झांज दुसऱ्या टोकाला जेवढी मागे वाटते, तेवढंच. त्यापुढे ताल सुटतो.

पैसे टाकून प्रकाशाचा वेग वाढत नाही.

सव्वादोन | दुपारी ५:०६

भाच्याला सांगू नका. कोटेशन आणेल.

उंटावरचा | संध्याकाळी ६:१५

दुबईतून. इथे व्हीओआयपीवर (इंटरनेटवरून बोलण्यावर) परवान्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे इथल्या सदस्यांनी आधी नियम बघावेत. तांत्रिक बाजू एवढीच की काही ऑफिसच्या नेटवर यूडीपी बंद असतं, तेव्हा मम्बल मुकाट्याने टीसीपीवर (हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीवर) जातं. आवाज येतो, पण एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे त्याची वाट बघत उभे. मग दोन सेकंद शांतता आणि एकदम धबधबा. कुणी "तुमचा सर्व्हर हळू आहे" म्हणालं तर आधी त्याला मम्बलच्या माहितीत यूडीपी दिसतंय का ते बघायला सांगा. पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडावं लागतं. लोक एकच उघडतात.

जोत्यावरची | संध्याकाळी ७:४०

पोर्ट उघडायच्या गप्पा चालल्यात, पण ताईंना स्वतःचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आहे का हे कुणी विचारलंच नाही! राऊटरच्या पानावर जो वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर विषय संपला. तो आयपी कंपनीच्या जाळ्यापुरताच, बाहेर दिसणारा आयपी तुमच्या एकटीचा नाही, अनेक घरांत वाटलेला आहे. तुम्ही राऊटरमध्ये हवं ते पोर्ट उघडा, बाहेरच्याला दारच सापडणार नाही. मी यात एक अख्खा रविवार घालवला. कस्टमर केअरच्या मुलाने मला राऊटर बंद करून चालू करायला चारदा सांगितलं, पाचव्यांदा मीच त्याला सांगितलं.

उपाय म्हणजे जादा पैसे भरून स्थिर आयपी घेणं. नाहीतर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत), पण मग ऐकणाऱ्यांकडेही ते हवं.

ताकभात | रात्री ८:२५

बघितलं. १००.७२ ने सुरू होतोय.

आता?

कारभारी_कोल्हापूर | रात्री ९:००

ताई, आयपी मिळंल पैसे देऊन, पण लाईटीचं काय करणार? माझा किस्सा ऐका. तालमीच्या पोरांसाठी घरी सर्व्हर ठेवला होता. सहाशे व्हीएचा यूपीएस लावला, मी खूश. पहिल्या दिवशी लाईट गेली, सर्व्हर ऐटीत चालू, आणि सगळे बाहेर! का? फायबरचा डबा हॉलमध्ये साध्या प्लगवर. सर्व्हर जिवंत, नेट मेलेलं. मग त्या डब्याला वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला.

दुसऱ्या वेळी इन्व्हर्टरवर घेतलं. त्याच्या मागं एक बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. ते साध्यावर होतं. लाईट जायची, पंख्याला कळायचं पण नाही, पण पीसी रीस्टार्ट. महिनाभर मी रॅमला शिव्या घातल्या.

तिसऱ्या वेळी एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) पाल गेली. उघडलं तर पंख्याच्या जाळीला चिकटून वाळलेली, आणि बोर्डावर काळा डाग. त्यावर कुठला यूपीएस?

अडाणी_आशावादी | रात्री ९:१२

पालीला एईएस-एनआय होतं का?

कारभारी_कोल्हापूर | रात्री ९:१५

पाल होती कोअर टू ड्युओच्या जमान्यातली.

जोत्यावरची | रात्री ९:५०

यूपीएसचं सोडा, विजेचा हिशोब करा. तो जुना डबा मॉनिटर नसताना ६०-७० वॅट खाणार. ७० धरले तर महिन्याला पन्नास युनिट, म्हणजे चार-पाचशे रुपये. तेवढ्यात मुंबईतल्या डेटासेंटरमध्ये १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) मिळतो, महिना पाच-सहा डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. स्वतःचा आयपी, लाईट जात नाही, पाल नाही, अपलोड भरपूर. आणि गरज नसलेल्या महिन्यात बंद करा.

खुंटी | रात्री १०:२०

भाड्याचं घर ते भाड्याचं घर. आज पाच डॉलर, उद्या दहा. शिवाय व्हीपीएसचा प्रोसेसर वाटलेला असतो. शेजारचा भाडेकरू जोरात नाचायला लागला की आपल्या वेळेतून काढून घेतो, टॉप कमांडमध्ये तो "स्टील" चा आकडा दिसतो. वेबसाईटला कळत नाही, आवाजाला लगेच कळतं, कारण इथे दर २० मिलिसेकंदाला हजेरी आहे. घरचं मशीन निदान आपलं असतं.

जोत्यावरची | रात्री १०:३५

काका, घरी शेजारी नाही, पण घरातले आहेत ना. मुलाने फोन चार्जिंगला लावला, हजार फोटो वर चढायला लागले, अपलोड तुंबलं, की वाचकाच्या घशात बोळा. माझ्याकडे नेमकं एका कवितेच्या शेवटच्या कडव्याला झालंय.

पोर्टबंदर | रात्री ११:१०

स्टीलचा मुद्दा खरा आहे, एखादा वाईट व्हीपीएस मलाही लागला होता. पाडला, दुसरा उभा केला, दहा मिनिटं. डेटाही मोजतो. एक वाचक, दीडशे जण, दोन तास म्हणजे सव्वासात जीबी. चार शनिवारचे तीस, गप्पांत दोन-तीन तोंडं धरली तरी चाळीस. या किमतीच्या व्हीपीएसवर साधारण एक टीबीची मुभा असते.

ताई, मी तुमच्या जागी असतो तर व्हीपीएस घेतला असता. आणि दोन गोष्टी केल्या असत्या. मुख्य खोलीत "बोलण्याची" परवानगी सगळ्यांची काढून घ्यायची आणि फक्त "वाचक" गटाला द्यायची. सर्व्हरच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये बँडविड्थची ओळ ५६००० वर आणायची, म्हणजे कुणी उत्साही माणसाने आवाजाची प्रत टोकाला नेली तरी त्याचं ॲप आपोआप खाली येतं.

अडाणी_आशावादी | सोमवार, सकाळी ८:३०

एक गरिबाचा प्रश्न. हे सगळं करून जोशीकाकूंच्या कुकरच्या शिट्ट्या थांबतील का? (नाव बदललंय. शिट्ट्या खऱ्या आहेत.)

भिडू_नं_७ | सकाळी ८:५०

मम्बल १.४ पासून आवाज गाळायला आरएनएननॉइज आहे, पंखा आणि एसी छान खातं. कुकरची शिट्टी थोडी वाचते. खरा उपाय म्हणजे वाचकाला दोनशे रुपयांचा तारेचा हेडफोन घ्यायला लावा. स्पीकरफोनवर वाचलं की घुमतंच. तुमच्या २५ हजारांत सर्वात उपयोगी हार्डवेअर तेच.

ताकभात | सोमवार, रात्री ९:४०

सगळ्यांची आभारी आहे. व्हीपीएस घेतला, १ जीबीचा. पुतणीने दोन तासांत मम्बल बसवलं. सहा वाचकांसाठी हेडफोन मागवले. भाचा दोन दिवस बोलत नाहीये.

शनिवारी रंगीत तालीम आहे, कळवते.

ताकभात | पुढचा रविवार, सकाळी ९:०५

तालीम झाली, ७४ जण. आवाज इतका स्वच्छ की वाचकाने पान उलटल्याचं ऐकू आलं. पण एक अजब प्रकार झाला. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर चौदा जण एकाच हॉलमधून, हॉलच्याच वायफायवर बसतात. पहिले दहा आत गेले, उरलेल्या चौघांना सर्व्हर घेईना. पाच मिनिटांनी आपोआप घेतलं. तोवर चौघांनी "आम्हाला मुद्दाम काढलं" असं मनावर घेतलं होतं.

सर्व्हरला इतके लोक झेपले नाहीत का? १ जीबी कमी पडतोय?

उंटावरचा | सकाळी ९:४०

नाही हो. आयएनआयमध्ये स्वयंबंदीची ओळ असते. एकाच आयपीवरून १२० सेकंदांत १० वेळा जोडणी झाली की सर्व्हरला हल्ला वाटतो आणि त्या आयपीला ३०० सेकंद बाहेर ठेवतो. हॉलचा आयपी एक, माणसं चौदा. प्रयत्नांचा आकडा शून्य केला की हे बंद होतं. तुमच्या काकांना सांगा, सर्व्हरला ते हॅकर वाटले.

ताकभात | सकाळी १०:१५

सांगितलं. फुगलेत आता. चौघांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावापुढे हॅकर लावलंय.

ताकभात | गणेश चतुर्थीची रात्र, ११:२०

अपडेट. आरती भारतीय वेळेनुसार रात्री आठला ठेवली होती, न्यू जर्सीकरांची सकाळचे साडेदहा.

साडेसातला १०० जण आत होते आणि १०१ व्याला "सर्व्हर भरला" असा निरोप. मी घाबरून पुतणीला सांगितलं, मशीन मोठं कर. तिने पैसे भरून २ जीबी केलं, रीस्टार्ट झालं, सगळे बाहेर पडून पुन्हा आत आले. तेच, १०१ वा बाहेर. पाच मिनिटांत पन्नास फोन. भाच्याचा निरोप आला, "मी म्हणालो होतो."

पोर्टबंदर | रात्री ११:२८

अरेरे, चूक माझी. आयएनआयमध्ये "युझर्स" ची ओळ मुळात १०० वर असते. २०० करायची. एवढे आकडे मांडले आणि तोच सांगायचा राहिला.

ताकभात | रात्री ११:४५

पुतणीला सापडलं ते, पावणेआठला. शेवटी १३८ जण होते. वाचकगटातून एकटी माझी आई आरती म्हणत होती, टाळ घेऊन, हेडफोन लावून. बाकी सगळे आपापल्या घरी तिच्यामागून म्हणत होते, पण सर्व्हरवर तोंड बंद. प्रोसेसर तीन टक्क्यांच्या वर गेला नाही, पुतणीने स्क्रीनचा फोटो पाठवलाय.

गोंधळ एकच झाला. "घालीन लोटांगण" ला पुतणीने हौसेने सगळ्यांची परवानगी उघडली. दहा सेकंदं काय आवाज आला ते सांगता येत नाही. मग सर्व्हरने मान टाकली.

वाळवण | मध्यरात्र, १२:१०

दहा नाही, सात सेकंदं. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. सासूबाईंनी तीनदा लावायला लावलं.

खुंटी | पहाटे ५:५०

मिश्रण करा म्हटलं होतं.

सव्वादोन | सकाळी ८:००

जुन्या डब्याचं काय केलंत?

ताकभात | सकाळी ८:३५

भाच्याला दिला. त्यात ग्राफिक कार्ड बसतं का, विचारतोय.